बहिणीला अर्थशास्त्रात पदवी करायची आहे : यवतमाळ, नागपूर, पुणे की दिल्ली?

कोरडवाहू घाटंजी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आमचं सात एकर वावर आहे, कोरडवाहू. मी आयटीआय करून घरीच शेती पाहतो. प्रश्न माझ्या लहान बहिणीचा आहे. ती येत्या फेब्रुवारीत बारावी वाणिज्यची परीक्षा देईल. वर्गात गणित घेणारे चौघंच, बाकी सगळ्यांनी एसपी घेतलं, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. माध्यम मराठी. अकरावीला ८१ टक्के होते.

तिला अर्थशास्त्रच घ्यायचं आहे. हे कुठून आलं म्हणाल तर घरातल्या वहीतून. दहावीची परीक्षा संपली तेव्हापासून ती कापूस, सोयाबीन आणि तुरीचे भाव रोज लिहून ठेवते. बाबा बाजारातून आले की आधी भाव विचारते, मग पाण्याचा तांब्या देते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं आणि डिसेंबर संपेपर्यंत तसंच ठेवलं. ती बातमी आली त्या दिवशी तिनं वहीत लाल पेनानं आडवी रेघ मारली. दिवाळीनंतर खेडा खरेदीवाला दारात आला, त्यानं क्विंटलला ६,८०० सांगितले. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ८,११० होता. तिनं मला विचारलं, "दादा, या रेघेमुळं किती गेले अन् बाकीचे कशानं गेले?" मला सांगता आलं नाही.

तिच्या कनिष्ठ महाविद्यालयातले सर म्हणतात इथंच बीए कर, सोबत स्पर्धा परीक्षा दे. मामा म्हणतात पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट बघा. तिनं स्वतः मोबाईलवर दिल्लीचं वाचलं आहे. आई म्हणते नागपूरच्या पुढं नको. राहणं, खाणं, फी सगळं धरून वर्षाला लाख-सव्वा लाखाच्या वर आमची झेप नाही, तेही कापूस-तूर विकली की टप्प्याटप्प्यानं. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच. कॉलेज कशावरून निवडायचं तेच कळत नाही. जाणत्यांनी सांगावं.


निवृत्त बँक अधिकारी, अमरावती

भाऊ, बहिणीला शाबासकी सांगा. माझं मत सरळ आहे, नागपूरला घाला. हिस्लॉप कॉलेज १८८३ पासूनचं आहे. जुनं मॉरिस कॉलेज, ज्याला आता वसंतराव नाईक शासकीय संस्था म्हणतात, तिथं फी कमी आहे आणि कला शाखेची परंपरा मोठी आहे. फक्त मुलींचं हवं असेल तर एलएडी कॉलेज आहे. घरून निघालं की संध्याकाळपर्यंत पोहोचता येतं, आजारी पडली तर तुम्ही त्याच दिवशी जाऊ शकता. मी ३४ वर्षं बँकेत काढली. शेतकऱ्याच्या घरातली मुलं पहिल्या वर्षी पैशापायी परत आलेली पाहिली आहेत, म्हणून सांगतो. पदवी जवळ करा, वाचलेले पैसे एमएसाठी ठेवा. तसंही इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागतेच. खरा खर्च तिथं करावा.


तासिका तत्त्वावरची अर्थशास्त्र शिक्षिका

भाऊ, वहीचं वाचलं आणि हातातल्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या. मी तुमच्याच जिल्ह्यातली. एका तालुक्याच्या वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. माझं स्वतःचं बीए अशाच एका तालुक्याच्या कॉलेजात झालं, त्याचं नाव इथं लिहीत नाही. जे लिहिते आहे ते सगळं तुमच्या बहिणीसाठी, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा तीन विषय असत. माझे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठी वाङ्मय. कॉलेजात पहिली आले, ७४ टक्के. मग मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेच्या एमएच्या प्रवेश परीक्षेला बसले, केंद्र नागपूर. रात्रीच्या एसटीनं गेले, पहाटे बसस्थानकावर तोंड धुतलं आणि परीक्षेला जाऊन बसले. अर्थशास्त्राचा पेपर असेल असं धरून गेले होते, हातात आला तो गणिताचा. पहिल्याच पानावर एक चिन्ह होतं, इंग्रजी सहाचा आकडा आरशात पाहावा तसं वळलेलं. ते कसं वाचतात हेही मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी मागणीचा नियम पाठ लिहिला होता, आकृतीला टोकदार पेन्सिलीनं नावं दिली होती, आणि त्या वक्राचा उतार कसा काढतात हे मला कुणी विचारलंही नव्हतं. बाहेर पडल्यावर झाडाखाली बसून खूप रडले.

नंतरचं एक वर्ष घरी बसून भाच्याची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं केली. कॉलेजच्या ग्रंथालयात अर्थशास्त्राचं कपाट होतं, कुलूप लावलेलं. किल्ली शिपाईकाकांकडे. त्यातलं संख्याशास्त्राचं पुस्तक मागितलं तर मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९८ चा. त्याखाली माझी तारीख पडली. दुसऱ्या वर्षी पुण्यात एमएला प्रवेश मिळाला.

म्हणून कॉलेज कुठलंही असो, आधी एकच पाहा. तिथल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात पहिल्या तीन-चार सत्रांत गणित आणि संख्याशास्त्र आहे का, आणि पुढं अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासण्याचं शास्त्र, आहे का? अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर असतो. नसला तर कॉलेजात जाऊन मागा. बीएला "अर्थशास्त्र हा एक विषय" आणि "अर्थशास्त्राची पदवी" यात फार अंतर आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणानं मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, आलं आहे, चौथ्या वर्षी ऑनर्स आहे. तेव्हा कार्यालयात असं विचारा : अर्थशास्त्र मेजर मिळतं का, गेल्या वर्षी किती मुलांनी घेतलं, आणि सोबत गणित किंवा संख्याशास्त्र मायनर म्हणून खरोखर घेता येतं का? माहितीपत्रकात छापलेलं सगळंच शिकवलं जातं असं नसतं. शिकवणारं माणूसच नसलं की तो विषय कागदावर राहतो.

हे गणित कशाला, असं घरात कुणी विचारलं तर तिची लाल रेघ दाखवा. शुल्क काढलं ऑगस्टमध्ये, आपला कापूस घरात आला दिवाळीच्या आसपास. मधल्या काळात जगातले भाव हलले, सरकीचे भाव हलले, पावसानं कापूस भिजला. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावानं कापूस घेणारी सरकारी सीसीआय दर कापते, १२ टक्क्यांच्या वर तर घेतच नाही. मग ओला कापूस घेऊन सीसीआयच्या ॲपवर नंबर लावण्यापेक्षा माणूस दारातल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. तिला पडलेला प्रश्न, रेघेमुळं किती आणि बाकीचं कशानं, हा अर्थमितीचाच प्रश्न आहे. एकाच वेळी पाच गोष्टी हलत असताना त्यातल्या एकीचा वाटा वेगळा कसा काढायचा, ते तिथं शिकवतात. अठराव्या वर्षी पोरगी ते स्वतःहून विचारते आहे. तिला पुन्हा "मागणीचा नियम स्पष्ट करा" एवढ्यावर तीन वर्षं बसवू नका, हात जोडून सांगते.

आता कॉलेजांचं. गोखले इन्स्टिट्यूट १९३० चं. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी देशातल्या दारिद्र्यावरचं गाजलेलं काम तिथंच केलं. आता तिथं बीएस्सी अर्थशास्त्र आहे. गणित-संख्याशास्त्राचा पाया तिथं पक्का होतो, यात मला शंका नाही. पण फी आणि पुण्याचं राहणं मिळून तुमच्या आकड्यात बसणं कठीण आहे. फर्ग्युसनला अर्थशास्त्र चांगलं आहे, पण पुण्याचा खर्च तिथंही चुकत नाही. मी २०१६ मध्ये कॉट बेसिसवर महिन्याला ३,२०० भरत होते, एका खोलीत चौघी, मेस वेगळी. आज ते किती झालं असेल याचा विचार करा.

दिल्ली विद्यापीठाचं अर्थशास्त्र ऑनर्स देशात नावाजलेलं आहे आणि तिथल्या बहुतेक कॉलेजांची फी खासगी विद्यापीठांच्या मानानं फार कमी आहे. त्याला सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते आणि त्यात गणिताचा पेपर सक्तीचा. म्हणजे एसपी घेतलेल्या मुलांना तो दरवाजा बंद, तुमच्या बहिणीला उघडा. अकरावीत तिनं गणित ठेवलं, हे फार मोठं झालं.

बंगळूरुच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचं नाव आपल्याकडं कमी घेतात. तिथं अर्थशास्त्राची पदवी आहे, प्रवेशाला त्यांची स्वतःची परीक्षा असते, आणि घरचं उत्पन्न पाहून फी आणि वसतिगृह दोन्हींत सवलत मिळते, काहींना पूर्ण माफी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीनं तिथं अर्ज न करणं मला पटणार नाही.

अमरावतीच्या काकांचं एक म्हणणं खरं आहे, पैशापायी पोरी परत येतात. मीही पाहिल्या आहेत. पण "पदवी कशीही, एमए चांगलं" हा हिशोब मी स्वतः करून पाहिला. त्यात माझं एक वर्ष गेलं, आणि माझ्यासोबतच्या दोघींनी तर नादच सोडला. नागपूर चालेल, मात्र संख्याशास्त्राची सोय असेल तरच.

आणि फीच्या आधी वसतिगृह विचारा. जागा किती, प्रवेश गुणांवर की आधी येईल त्याला, पहिल्या वर्षाला मिळतं की नाही. मुलीचं शिक्षण फीपायी अडतं त्याहून जास्त राहण्यापायी अडतं.


वरोरा ते दिल्ली

ताईंनी सांगितलेल्या दिल्लीच्या वाटेनं मी गेले, म्हणून लिहिते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांची किराण्याची टपरी आहे. मीही मराठी माध्यमाचीच.

दादा, सीयूईटी मराठीतून देता येते, १३ भाषांत असते. केंद्र नागपूरचं निवडता येतं. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरून होतात. माझ्या एका मैत्रिणीचं तेवढ्यावरून वर्ष गेलं. परीक्षा एनसीईआरटीच्या पुस्तकांवर असते. आपल्या बोर्डाचं वाणिज्यचं गणित आणि ते गणित सगळं सारखं नाही. एनसीईआरटीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. बोर्डाची परीक्षा संपली की लगेच त्यांना हात घाला, मध्ये दोन महिनेच मिळतात.

कागदपत्रांचं सांगते, कारण आम्ही तिथंच अडकलो. ओबीसीत असाल तर राज्याचा दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो. नॉन क्रिमीलेअर १ एप्रिलनंतर काढलेलं मागतात. उत्पन्नाचा दाखलाही त्याच वेळी काढून घ्या, जूनमध्ये सेतूवर पाय ठेवायला जागा नसते. बोर्डात वरच्या २० टक्क्यांत आली आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची वर्षाला १२,००० ची शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. ती कुठल्याही राज्यात चालते. मला मिळते.

वसतिगृहाच्या जागा मात्र फार कमी. मला मिळाली नाही, मी भाड्याच्या खोलीत तिघींसोबत राहते. खोली, जेवण, मेट्रोचा पास धरून महिन्याला नऊ-दहा हजार होतात, फी वेगळी. तुमच्या सव्वा लाखात ओढूनताणून बसतं, पण सणाला गावी येणं वर्षातून एकदाच.

इंग्रजीचं दडपण येईल. पहिले दोन महिने मला वर्गात शब्द ऐकू येत, अर्थ लागत नसे. मागणीची लवचिकता मला बारावीत चांगली येत होती, पण "इलॅस्टिसिटी" म्हणजे तीच, हे कळायला वेळ लागला. पहिल्याच सत्रात गणिताचा स्वतंत्र पेपर होता, त्यात मी सगळ्यांच्या बरोबरीनं होते, कारण फळ्यावरचं गणित भाषा विचारत नाही. बाकीच्यासाठी एक करा. बालभारतीचं बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मोफत मिळतं. एकच धडा शेजारी शेजारी उघडून वाचायला सांगा, आजपासून, रोज दोन पानं. मी हे दिल्लीला आल्यावर केलं, आधी करायला हवं होतं.


निवृत्त बँक अधिकारी, अमरावती

शिक्षिका ताईंचं वाचलं. संख्याशास्त्राची अट मला सुचली नव्हती, ती बरोबर आहे. आमच्याकडे जोखीम मोजण्याच्या विभागात नव्यानं आलेली मुलं सगळी आकडेमोडीतली तयार असत. नागपूरला चौकशीला जाल तेव्हा कळवा, मी येतो सोबत. शैक्षणिक कर्जाचा विचार केलात तर साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, हेही सांगून ठेवतो. पण कर्ज शेवटी, आधी शिष्यवृत्त्या.


कोरडवाहू घाटंजी

सगळ्यांचे आभार. रात्री जेवणं झाल्यावर सगळी उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवली. बाबा काही बोलले नाहीत, पण अमरावतीच्या साहेबांचं दोनदा वाचायला लावलं. आईनं एकच विचारलं, मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं? शिक्षिका ताईंचं झाडाखालचं वाचताना बहीण उठून आत गेली, नंतर येऊन म्हणाली पुन्हा वाच.

ठरलं ते असं. सीयूईटीचा अन् अझीम प्रेमजीचा, दोन्ही फॉर्म भरायचे. बोर्डाची परीक्षा संपली की मी अन् ती नागपूरला जाऊन दोन-तीन कॉलेजं स्वतः पाहणार, साहेब सोबत येतो म्हणाले ते फार बरं झालं. पुण्याचं आकड्यात बसत नाही, म्हणून सध्या बाजूला. दिल्लीला आईचा होकार अजून नाही. वरोऱ्याच्या ताईंशी तिचं एकदा बोलणं झालं तर बरं होईल, निरोपात नंबर पाठवतो.

बहिणीचा एक प्रश्न आहे शिक्षिका ताईंना. वहीत अजून काय काय लिहावं?


तासिका तत्त्वावरची अर्थशास्त्र शिक्षिका

तिला सांगा, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत आहे तेवढंच लिही, जास्त वेळ घालवू नकोस. मार्चनंतर रकाने वाढव.

आता ती एकच भाव लिहीत असेल. त्याऐवजी चार रकाने आख : आवक किती क्विंटल, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजचे हे चारही मिळतात, मागच्या तारखांचेही. म्हणजे जुनी पानंही भरता येतील. पाचवा रकाना सरकीच्या दराचा, तो जिनिंगवर बाबांना विचारायला लाव. सहावा ओलाव्याचा, पण तो फक्त तुमच्या स्वतःच्या कापसाचा, काट्यावर जे सांगतील ते. खेडा खरेदीचा भाव वेगळ्या शाईनं लिही, बाजार समितीच्या भावात मिसळू नकोस. ज्या दिवशी बाजार बंद असेल त्या दिवशी रकाना कोरा ठेव, आदल्या दिवसाचा आकडा खाली ओढू नकोस.

लाल रेघ तशीच राहू दे. डिसेंबर संपल्यावर शुल्काचं काय झालं ते बातम्यांत बघ, आणि त्या तारखेला दुसरी रेघ मार. नागपूरला जाल तेव्हा वही सोबत घेऊन जा. ज्या विभागात जाल तिथल्या प्राध्यापकांसमोर ती उघडून ठेवा आणि ते काय विचारतात ते ऐका. मग मला इथं लिहून कळवा.